नवीन बंगल्यात काजळी, धूळ, झडीचं पाणी आत येतंय, घर हवाबंद कसं करायचं?

तुमचा प्रश्न सगळा वाचला. कोल्हापूरजवळच्या पाचगावच्या वरच्या अंगाला जी प्लस वन बंगला, वास्तुशांती होऊन सव्वा वर्ष झालं, पश्चिमेला उसाचं रान, सगळीकडं थ्री ट्रॅक अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग. तक्रारी अशा की ऊस तुटल्यावर पाचट पेटवलं की खिडक्या लावलेल्या असूनपण काजळी आत, पावसाळ्यात वारं शिट्टी मारतंय आणि ट्रॅकमधनं पाणी आत सांडतंय, मे महिन्यात एसी बंद केला की पंधरा मिनिटात खोली परत तापते, आणि खालचं पाहुण्यांचं बाथरूम वास मारतं. फॅब्रिकेटर म्हणतोय सगळ्या खिडक्या काढा आणि यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) बसवा, आणि तुम्ही विचारताय की घर पूर्ण एअरटाईट करता येईल काय, ब्लोअर डोअर टेस्ट (घराच्या फटींतनं किती हवा जाते ते मशीननं मोजायची) करून घेऊ काय. मी सिव्हिलमधला माणूस, कोल्हापुरातच साईटवर वर्षं काढली आणि आता जास्त करून बांधून झालेल्या घरांच्या ओल-गळतीचीच कामं बघतो, त्यामुळं जरा इस्कटून सांगतो, लांबेल पण पूर्ण वाचा.

सिलिकॉनच्या ट्यूबला हात लावायच्या आधी एक काम करा. तुम्ही सहज म्हणून लिहिलंय की वरच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आतच आहे आणि थंडी वाजते म्हणून काचेच्या लूव्हरवर (तिरक्या पट्ट्यांच्या झरोक्यावर) पेपर चिकटवलाय. तो पेपर आत्ता उठून काढा, बाकीचं मग वाचा. गॅस गिझर जळताना त्या खोलीतलीच हवा घेतो, हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, आंघोळ करता करता माणूस गळून पडतो आणि दाराला आतनं कडी. हिवाळ्यात असल्या बातम्या आपण वाचतोच. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका, खोली घट्ट बंद असली आणि फॅन हवा बाहेर ओढायला लागला की गिझरचा जळका वायूच उलटा आत फिरू शकतो. गिझर बाहेर उघड्या डक्टमध्ये किंवा मागच्या बाल्कनीत न्या, वारं-पाऊस थेट लागणार नाही अशा जागी, आणि आत फक्त गरम पाण्याची लाईन घ्या. नाहीतर सोलर आणि त्याला इलेक्ट्रिक बॅकअप. हे होत नाही तोवर त्या बाथरूममध्ये आणि त्याच्या आसपास मी कुणाला एक फटसुद्धा बुजवू देत नाही. घर जेवढं घट्ट होईल तेवढा हा धोका वाढतो, कारण आजवर त्या फटींतनंच थोडीफार हवा मिळत होती.

स्वयंपाकघराचंपण तसंच. सिलेंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, लिकेज झालं तर तो खाली फरशीवर पसरतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला आणि युटिलिटीच्या दाराला खालच्या बाजूला जाळी पाहिजे आणि ती उघडीच पाहिजे. पाईपचा गॅस घेतला असेल तर तो हवेपेक्षा हलका, त्याला वरच्या बाजूला वाट पाहिजे. आणि जिन्याखाली इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी ठेवली असेल तर चार्जिंग होताना ती हायड्रोजन सोडते, त्या कपाटाची जाळी झुरळं येतात म्हणून बंद करणारे बघितलेत मी, तसं करू नका.

दुसरं, घर वाळलंय का? तुमचं सव्वा वर्ष झालंय आणि एक पूर्ण पावसाळा गेलाय म्हणून मी हो म्हणतोय, पण ज्यांची वास्तुशांती आत्ता झालीय त्यांनी वर्षभर थांबावं. एक घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण १७०-१८० लिटर पाणी घालतात, त्यातलं निम्म्यापेक्षा कमी सिमेंटशी कायमचं बांधलं जातं, बाकीचं महिनोन्‌महिने हळूहळू बाहेर पडत राहतं. बंगल्यात ५० घनमीटर काँक्रीट धरलं तरी चार-पाच हजार लिटर झालं, शिवाय विटा, प्लास्टर, सनला (प्लास्टरवरचा गुळगुळीत थर) ह्यातलं वेगळं. हे पाणी बाहेर पडायच्या आधी घर बंद केलं की पहिल्याच श्रावणात कपाटामागं काळी बुरशी आलीच समजा. दुसरं म्हणजे पहिल्या वर्षात घर बसतं, बीमखाली आणि कॉलमच्या कडेला केसासारख्या भेगा पडतात, त्या पडून झाल्या की मगच भरायच्या, नाहीतर आज भरलेलं उद्या परत फाटतं.

आता मूळ विषय. तुमचा समज असा दिसतोय की हवा काचेतनं किंवा भिंतीतनं येते. भिंतीतनं येत नाही. वीट आणि वीटकामाचे सांधे थोडी हवा सोडतात हे खरं, पण दोन्ही बाजूनं नीट प्लास्टर झालेली भिंत हवेच्या बाबतीत बंदच असते. हवा येते ती एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथनं. गवंड्यानं भिंत बांधली, ग्रॅनाइटवाल्यानं चौकट चिकटवली, फॅब्रिकेटरनं त्यात खिडकी बसवली, एसीवाल्यानं भोक पाडलं, प्लंबरनं पाईप काढली, इलेक्ट्रिशियननं नळ्या टाकल्या, प्रत्येकजण आपलं काम चोख करून गेला आणि दोघांच्या कामामधली फट कुणाचीच नाही. नवीन घरात बिल घेताना ह्या फटीचं नाव कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं. तुमच्या चार तक्रारीतल्या तीन ह्या फटीच्याच आहेत.

शोधायच्या आधी घराचा प्लॅन घ्या, झेरॉक्स चालेल, आणि पेन न उचलता घराभोवती एक रेघ मारा, की ह्या रेषेच्या आत हवा माझ्या ताब्यात पाहिजे. रेघ मारताना आपोआप कळतं की काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं. बाथरूमच्या लूव्हर कायम उघड्याच राहणार, म्हणून तिथं रेघ बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर न मारता बाथरूमच्या दारावर मारायची. किचनला मागं युटिलिटी असेल तर तिच्या दारावर. वर जिन्याच्या केबिनचं, म्हणजे टेरेसवर उघडणारं, दार आलं की बहुतेकांचं पेन तिथं अडखळतं, त्या दाराबद्दल पुढं लिहितोय.

मग टेस्ट. एखादा वारं नसलेला दिवस बघा, दिवसा, गिझर पूर्ण बंद, शेगडी बंद, घरातल्या सगळ्या खिडक्या दारं लावायची, खोल्यांची आतली दारं मात्र उघडी ठेवायची, आणि किचनची चिमणी फुल्ल स्पीडला आणि एक्झॉस्ट फॅन सगळे चालू. आता घरातली हवा बाहेर ओढली जाते आणि तेवढीच कुठनंतरी आत यायलाच लागते, ती कुठनं येते ते बघायचं. उदबत्ती पेटवून हातात धरून एकेक जागेवर सावकाश फिरवा, खिडकीच्या चारी कडा, दोन शटर मध्ये भेटतात ती उभी रेघ, ट्रॅकचे कोपरे, स्विचबोर्ड, एसीच्या पाईपचं भोक, स्कर्टिंग, दाराखाली, फॉल्स सीलिंगची कड. धूर ज्या ठिकाणी झटका खाऊन आत वळतो तिथं पेन्सिलनं खूण करा. पडद्यापासनं जपून. रात्री आणखी एक करा, खोलीत अंधार करून बाहेरनं कुणालातरी मोबाईलची बॅटरी खिडकीच्या कडेनं फिरवायला सांगा, उजेड दिसला की फट सापडली. दाराचं बघायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज सुटली तर तिथं दार चौकटीला टेकतच नाही.

ब्लोअर डोअर टेस्ट म्हणजे हेच काम मशीननं, दारात फॅन बसवून ५० पास्कल दाब तयार करतात आणि तासाला घरातली हवा कितीदा बदलली ते मोजतात. जर्मनीच्या पॅसिव्ह हाऊसला तो आकडा ०.६ च्या आत लागतो, अमेरिकेच्या २०२१ च्या मॉडेल कोडमध्ये प्रदेशाप्रमाणे ३ किंवा ५ होता. पण ती हिशोबाची दुनिया वेगळी आहे, बाहेर उणे दहा आणि आत हीटर लावून वीस, तिथं एकेक फट म्हणजे इंधनाचं बिल. कोल्हापुरात वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस खिडकी उघडून बसावं अशी हवा असते. आपल्याला ०.६ नको आहे, आपल्याला पाहिजे ते एवढंच की वारं, धूळ, पाणी हे आपण खिडकी उघडली तरच आत यावं. त्याला उदबत्ती पुरते. मशीनसाठी माणूस बोलावण्यापेक्षा ते पैसे पश्चिमेच्या खिडक्यांवर घाला.

कुठली फट आधी ह्याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब देतो. तीन फुटी दाराखाली ९ मिलिमीटरची फट, जी आपण फट म्हणून मोजतसुद्धा नाही, तिचं क्षेत्रफळ होतं ८१ चौरस सेंटिमीटर. चार इंची पाईपच्या भोकाचंपण तेवढंच. म्हणजे भिंतीला चार इंची भोक पाडून ठेवल्यासारखंच झालं, आणि आपण मात्र काचेच्या रबराकडं बघत बसतो.

आता जिन्याच्या केबिनचं दार. हे मी खिडक्यांच्याही आधी करतो आणि लोकांना पटत नाही. दुमजली घरात गरम हवा जिन्यातनं वर चढते आणि टेरेसच्या दारातनं निघून जाते, ती जागा भरायला खालच्या मजल्यावर प्रत्येक फटीतनं बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि हवेबरोबर धूळ आणि काजळी. हिवाळ्यात रात्री, म्हणजे नेमकं पाचट जाळायच्या दिवसात, हे जास्त होतं कारण आतलं बाहेरचं तापमान तेव्हा जास्त वेगळं असतं. हे दार बहुतेक ठिकाणी पत्र्याचं, अँगलच्या फ्रेमला नुसतं टेकवलेलं, खाली इंचभर उजेड. त्या फ्रेमला चारी बाजूनं ईपीडीएम रबराची डी आकाराची पट्टी लावा, स्पंजची नको, स्पंज एका उन्हाळ्यात चुरा होतो. पट्टी दाबली जाईल अशी कडी पाहिजे, म्हणजे एकाऐवजी वर आणि खाली दोन कड्या. खाली छोटा उंबरा काढून घ्या, पावसाचं पाणीपण त्यानं थांबतं. वरचं तोंड बंद झालं की खालचं ओढणं बरंच कमी होतं. आणि हेच दार उन्हाळ्यात संध्याकाळी सातनंतर मुद्दाम सताड उघडायचं, खालच्या खिडक्या उघडायच्या, जिन्यातनं गरम हवा सरळ वर निघून जाते. बंद करता आलं पाहिजे ते अशासाठी की उघडल्यावर त्याचा उपयोग व्हावा.

मेन डोअरला जुन्या पद्धतीचा उंबरा असेल तर तुमचं नशीब चांगलं, दार उंबऱ्याच्या खाचेला टेकतं आणि खालची फट उरतच नाही, रबराची बारीक पट्टी लावली की काम संपलं. फरशी सपाट आत नेलेली असेल तर दाराच्या खालच्या कडेत बसणारं ड्रॉप सील मिळतं, दार लागलं की रबर खाली उतरतं आणि उघडलं की वर जातं. ब्रशवाली चिकटपट्टी लावू नका, धूळ धरून ठेवते आणि दोन महिन्यात निघते.

खिडक्या. इथं जरा वेळ काढून वाचा, कारण तुमचं सगळ्यात जास्त दुखणं इथं आहे आणि सगळ्यात जास्त चुकीची कामं पण इथंच होतात.

पहिल्यांदा पाणी आत का येतं ते बघू. जून ते सप्टेंबर आपल्याकडं वारं पश्चिमेचं आणि नैऋत्येचं, तुमच्या घरासमोर मोकळं रान, अडवायला काही नाही, त्यामुळं झड थेट काचेवर. काचेवरचं पाणी ट्रॅकमध्ये उतरतं आणि ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला खाली जी छोटी चिरं असतात त्यातनं बाहेर जायला पाहिजे. आता ताशी ७२ किलोमीटरचा झोत आला तर तो साधारण २४० पास्कल दाब देतो आणि एवढा दाब २४ मिलिमीटर पाण्याचा थर तोलून धरतो. ट्रॅकची आतली कड २० मिलिमीटर असेल तर पाणी बाहेर पडायचं सोडून आतल्या बाजूला उचललं जातं आणि सिलवरनं गादीवर. साधं ३६ किलोमीटरचं वारं असेल तर थर फक्त ६ मिलिमीटर, तेव्हा काही होत नाही. म्हणून तुम्हाला वाटतं की कधी गळतं कधी गळत नाही. आणि ह्यात भर म्हणजे कुणीतरी, बहुतेक वेळा घरमालकच, वारं येतं म्हणून ती बाहेरची चिरं सिलिकॉननं बुजवतो. तुमच्या फोटोत एका खिडकीला तसंच दिसतंय. ती पहिल्यांदा मोकळी करा, कटरनं सिलिकॉन काढा, ट्रॅकमधली माती टूथब्रशनं साफ करा. ही चिरं पाण्याची वाट आहे, तिला प्लास्टिकचं झाकण मिळतं, आतनं बाहेर पाणी सोडतं आणि वाऱ्यानं बंद होतं, ते बसवा. वर्षातनं एकदा रोहिणीत ट्रॅक धुवायचे हे ठरवूनच टाका.

मग वारं. स्लायडिंग खिडकी ही मुळात सरकायला पाहिजे म्हणून सैल असते, तिचं रबर कधी दाबलं जात नाही, बारीक केसांच्या वूल पाईलवरच सगळं चाललेलं असतं. तुमच्या शटरमधनं वूल पाईल ओढून बघा, बऱ्याच वेळा फॅब्रिकेटरनं पातळ साईज टाकलेली असते किंवा कोपऱ्यात कापून आखूड ठेवलेली असते. लक्ष्मीपुरीत, शाहूपुरीत हार्डवेअरच्या दुकानात जुना तुकडा घेऊन जा, त्याच रुंदीची पण एक नंबर उंच घ्या, आणि मधोमध प्लास्टिकचा पातळ पडदा असलेली मिळाली तर तीच घ्या, नुसत्या केसांपेक्षा ती हवा कितीतरी चांगली अडवते. आणखी एक जागा कुणी बघत नाही, दोन शटर मध्ये भेटतात तिथं वर आणि खाली ट्रॅकमध्ये बोटभर पोकळी राहते. शिट्टी बहुतेक वेळा तिथनंच वाजते. त्यासाठी प्लास्टिकचा छोटा ठोकळा मिळतो, डस्ट ब्लॉक म्हणून मागा. किरकोळ पैशाची वस्तू आहे, पण मूळ कामात बहुतेक घरात नसते.

ह्याच्या पुढची फट खिडकीत नाही, खिडकीच्या बाहेर आहे. आपल्याकडं खिडकीला ग्रॅनाइट किंवा कडाप्प्याची चौकट करायची पद्धत, चांगली आहे, पण ती चौकट भिंतीला चार-पाच ठिकाणी सिमेंटचे गोळे लावून चिकटवतात आणि मधे पोकळ. नाण्यानं ठोकून बघा, जिथं डब डब वाजतं तिथं मागं पोकळी आहे आणि बाहेरच्या कडेला केसाएवढी जरी भेग असली तरी हवा आणि पाणी त्या पोकळीतनं फिरून आतल्या रंगाला फुगवतं. तिथं ड्रिलनं बारीक भोकं पाडून पातळ ग्राऊट (सिमेंटचा घोळ) इंजेक्ट करून घ्यावं लागतं. पीयू (पॉलियुरेथेन) फोमपण चालतो पण फोम अर्धीच जागा भरेल एवढा सोडायचा, तो फुगतो, जास्त झाला तर फ्रेम वाकवतो आणि मग शटर सरकत नाही. फोम म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही हेपण लक्षात ठेवा, आणि उन्हात उघडा ठेवला तर पिवळा पडून भुगा होतो, त्यावर झाकण पाहिजेच.

चौकट आणि अ‍ॅल्युमिनियम ह्यांच्या मधला सांधा सिलिकॉनचा. इथं व्हिनेगरसारखा वास मारणारं स्वस्त सिलिकॉन वापरू नका, ते सिमेंट आणि दगडावर नीट धरत नाही आणि धातू खातं. न्यूट्रल म्हणून मागा आणि ग्रॅनाइटला लागत असेल तर दगडासाठीचं वेगळं मिळतं ते घ्या, नाहीतर कडेला तेलकट डाग उठतो आणि तो जात नाही. फट सहा-सात मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर आधी आत फोमची गोल दोरी, बॅकर रॉड, दाबून बसवायची आणि वर सिलिकॉन, फटीच्या रुंदीच्या निम्मी जाडी. दोरी कशाला, तर सिलिकॉन दोनच बाजूंना चिकटायला पाहिजे. मागच्या तिसऱ्या बाजूला पण चिकटलं की ऊन-थंडीनं सांधा हलला तरी त्याला ताणायला जागा मिळत नाही आणि मधनं फाटतं. बाहेरच्या प्लास्टरची आणि चौकटीची जी कड रंगात जाणार आहे तिथं सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही, पीयू सीलंट घ्या. आणि पश्चिमेचं काम सकाळी सावलीत करा, दुपारी चारला तो ग्रॅनाइट तव्यासारखा तापलेला असतो.

बाकीच्या जागा भराभर सांगतो. एसीच्या पाईपच्या भोकात पीओपी भरलेलं असतं ते थरथरून गळून पडतं, तिथं डक्ट सीलची न वाळणारी पुट्टी दाबा, भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का ते बघा. स्विचबोर्डमधनं वारं येत असेल तर ती हवा टेरेसवरनं किंवा बाहेरच्या मीटर बॉक्समधनं नळीतनं येते, म्हणून बोर्डाला चिकटपट्ट्या लावत बसू नका, मेन बंद करून बाहेरच्या टोकाला नळीच्या तोंडात तीच पुट्टी भरा, मुंग्या आणि झुरळंपण थांबतात. सिंकखाली कपाट काढून बघा, पाईप एक इंचाची आणि भोक तीन इंचाचं. फॉल्स सीलिंगच्या वर प्लास्टर केलंय का ते एक लाईट काढून बघा, बरेच गवंडी वर दिसणार नाही म्हणून बीमखालची शेवटची वीट दाबून भरत नाहीत आणि तिथं प्लास्टरपण सोडून देतात. एक्झॉस्ट फॅनला मागं पडणारी पाती आणि चिमणीला एकतर्फी झडप आहे का बघा.

पाहुण्यांच्या बाथरूमचा वास हा फटीचाच प्रकार. नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी असतं तेच गटाराच्या हवेला अडवतं, बाथरूम वापरात नसलं की ते वाळतं. मग तुम्ही किचनमध्ये चिमणी लावली की घर त्या ट्रॅपमधनं हवा ओढतं. आठवड्याला एक बादली पाणी ओता, जाणार असाल महिनाभर तर वरनं चमचाभर खाद्यतेल, पाणी लवकर उडत नाही. एवढ्यासाठी प्लंबर नको.

एसीची तक्रार मात्र फटीची नाही, हे स्पष्ट सांगतो, नाहीतर सगळा खर्च करून तुम्ही नाराज व्हाल. दहा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा एक डिग्री गार करायला जेवढी उष्णता काढावी लागते त्याच्या साधारण सत्तरपट तिच्या डोक्यावरच्या पाच इंची स्लॅबला लागते. दिवसभर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत रात्री आत उष्णता सोडत राहतात, एसी बंद झाला की पंधरा मिनिटात तीच तुम्हाला जाणवते. त्याला टेरेसवर पांढरं रिफ्लेक्टिव्ह कोटिंग किंवा चायना मोझॅक, आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरनं सावली. फटी बुजवून एसीला थोडा आराम मिळेल, जादू होणार नाही.

आता घर घट्ट झाल्यावरचं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. त्या दहा बाय बाराच्या खोलीत दोघंजण दार लावून झोपले आणि खोली खरंच बंद असेल तर दोन-अडीच तासात कार्बन डायऑक्साईड २००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २००० भाग) आसपास जातो, बाहेर तो ४२० च्या आसपास असतो. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, झोप झाली नाही असं वाटतं ते ह्यामुळंपण असू शकतं. म्हणून बेडरूमच्या आतल्या दाराखाली अर्धा इंच राहू द्या, आतली दारं सील करायची नसतात (बाथरूमचं सोडून). पाचटाच्या दिवसात काय करायचं, तर एका बाजूला, शक्यतो पूर्वेला, फिल्टर लावलेला छोटा फॅन भिंतीत बसवून हवा बाहेर काढायच्या ऐवजी आत ढकलायची. घरात दाब किंचित जास्त राहिला की उरलेल्या फटींतनं हवा बाहेर जाते, काजळी आत येत नाही. फिल्टर दर हंगामात बदलायचा. युरोपातल्यासारखी उष्णता परत मिळवणारी मोठी यंत्रणा आपल्या हवेला लागत नाही असं माझं मत आहे. पावसाळ्यात उघडीप मिळाली की तासभर दोन्ही बाजूच्या खिडक्या उघडायच्या, कपडे आत वाळत घालत असाल तर त्या खोलीचा एक्झॉस्ट चालू ठेवायचा, आणि पश्चिमेच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा.

राहिली यूपीव्हीसी. मटेरियल बदलून काही होत नाही, यूपीव्हीसीची स्लायडिंग पण सरकतीच असते आणि ती पण वूल पाईलवरच चालते. फरक पडतो तो पल्ला उघडणारी खिडकी घेतल्यावर, तिचं रबर चारी बाजूनं दाबलं जातं, कडी तीन-चार ठिकाणी लॉक होते. शिवाय तुमच्या दोन काच एक जाळी अशा स्लायडिंगमध्ये अर्धीच खिडकी उघडते, पल्ल्याची जवळपास पूर्ण उघडते. केंद्राच्या इको निवास संहिता २०१८ मध्ये उष्ण दमट भागासाठी खोल्यांच्या क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के उघडणारी जागा सांगितलीय, म्हणजे घट्ट बसणं आणि भरपूर उघडणं दोन्ही पाहिजे. तेव्हा सगळ्या खिडक्या काढू नका. पूर्व आणि उत्तरेच्या दुरुस्त करा, पश्चिमेच्या तीन तेवढ्या पल्ल्याच्या करा, अ‍ॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी जे परवडेल ते, डबल ईपीडीएम रबर आणि मल्टिपॉइंट लॉक मात्र पाहिजेच. पल्ला बाहेर उघडणारा घ्या, वारं आलं की तो आणखी घट्ट दाबला जातो. पण तुमचं ग्रिल बाहेरच्या अंगाला आहे, ते आधी आतल्या कडेला सरकवावं लागेल आणि जाळी आतनं गुंडाळणारी, ह्याचं माप ऑर्डर द्यायच्या आधी फॅब्रिकेटरला साईटवर बोलावून घ्या. छज्जा दीड फुटाचा दिसतोय, दोन फूट करता आला तर झडीचा निम्मा त्रास तिथंच कमी होईल.

हे सगळं मृगाच्या आधी, एप्रिल-मे मध्ये कोरड्या भिंतीवर, वळीव बघून. काम झालं की शेवटचा हप्ता द्यायच्या आधी फॅब्रिकेटरसमोर बागेच्या पाईपनं पाणी मारून बघा. एकदम वरनं फवारा सोडायचा नाही, सुरुवात खालच्या सिलपासनं, एका सांध्यावर पाच मिनिटं, मग बाजूच्या उभ्या कडा, शेवटी वरची कड, आत एकजण बॅटरी आणि कोरडा कागद घेऊन बसलेला. खालनं वर आलात तरच नेमका कुठला सांधा गळतोय ते कळतं, वरनं मारलं की पाणी सगळीकडं ओघळतं आणि काही कळत नाही. ज्या सांध्याला कागद ओला झाला तिथं खूण करून त्याच दिवशी उघडून परत करायला लावा.